एकमताने डेन्मार्क

आमच्या घरात आजवर एकच निवडणूक झाली. ती मीच घेतली आणि मीच जिंकलो. शाळेत वर्गप्रतिनिधी म्हणून मला फक्त माझं स्वतःचं मत पडलं होतं, त्यामानाने प्रगती म्हणायची.

मुलीला शाळेत दोन महायुद्धांमधल्या डेन्मार्कच्या निवडणुकीवर बोलायचं होतं. जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या आमच्या स्वयंपाकघरात तालीम चालली होती. श्रोता एकच, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई. सरहद्द सरकली, मुलगी सांगत होती, आणि काही जर्मन माणसं घरबसल्या डेन्मार्कची मतदार झाली. त्यांचा एक माणूस निवडून गेला. कोपनहेगनच्या सभागृहात एकटाच.

"एकटा काय करायचा गं?"

"बोलायचा, आजी."

"आणि बाकीचे?"

"ऐकून घ्यायचे. मग मत द्यायचे."

आईनं बॅगेतून चकलीचा सोऱ्या आणला होता. यंदाची दिवाळी नातीबरोबर, हे ती येतानाच ठरवून आली होती. मी मात्र त्याच आठवड्यासाठी डेन्मार्कला समुद्राकाठी घर भाड्यानं घेऊन ठेवलं होतं. तीन जणांचं. "अहो, सांगा ना त्यांना एकदाचं," असं बायको रोज म्हणायची, आणि मी रोज "उद्या नक्की" म्हणायचो.

त्या दिवशी मला माझ्या मते फार हुशार कल्पना सुचली.

"आपणही मतदान घेऊ! दिवाळी घरी की डेन्मार्कला?"

बायकोनं टेबलाखालून लाथ मारली. मुलगी बुटांचं खोकं घेऊन आली. "गेहाइम, गुप्त हं, पापा! कुणी कुणाचं बघायचं नाही." माझा हिशोब सरळ होता: तीन विरुद्ध एक. आईला वाईट वाटलं तर दोष लोकशाहीचा.

चिठ्ठ्या उघडल्या. चारही डेन्मार्क. चौथीवर आईचं थरथरतं देवनागरी अक्षर.

"तुझ्या मनात आहे हे कळत होतं रे," आई खुशीत म्हणाली. "मग मी कशाला आडवी येऊ? थंडी असेल ना तिकडे? जाड स्वेटर आहे माझ्याकडे."

मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं सिंककडे. शेवटी मुलगीच बोलली. "आजी, ते घर तिघांचंच आहे."

"आल्झो, म्हणजे... इथे नियम फार कडक असतात, आई," मी म्हणालो. पन्नाशीला आलेला माणूस.

आईनं आपली चिठ्ठी घडी घालून पदराला पुसली, जणू ओली होती. "मग माझं तिकीट आधीचं कर. चकल्या उद्याच करते, तुम्हाला न्यायला होतील." तिकीट बदलताना पासपोर्टचा नंबर तिनंच वाचून दाखवला, एकेक आकडा, न चुकता.

समुद्राकाठच्या त्या घरात पोचलो तर पलंग चार होते. चौथ्यावर आम्ही बॅगा टाकल्या. मुलीनं आपली तेवढी उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.