चौदाव्या ओळीतला देव्हारा

पप्पा घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत मुकादम आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या टोळीविरुद्ध दोन तक्रारी झाल्या. एक खरी होती. दुसऱ्या घरातला टीव्ही आधीपासूनच बंद होता, पण ते सिद्ध करायला आमच्याकडे काही नव्हतं. शेठ म्हणाला, तिसरी आली तर मुकादम बदलणार. मग त्याने नियम काढला: सामान बांधायच्या आधी प्रत्येक वस्तूची यादी करायची, असलेलं नुकसान लिहायचं, फोटो काढायचा आणि खाली घरमालकाची सही घ्यायची.

पप्पांना लिहायला वेळ लागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. माटुंग्याला सकाळची लेक्चर्स संपली की मी जायचे. ओरखडा, पोचा, तडा, टवका, हे शब्द मी पप्पांकडूनच नीट शिकले. पोचा पत्र्याला येतो, टवका दगडाचा किंवा चिनीमातीचा उडतो.

त्या दिवशी गिरगावातलं एक जुनं बिऱ्हाड प्रभादेवीला जाणार होतं. घरात काका, काकू आणि खूप भांडी. काकूंनी देव स्वतः उचलले, तांब्याच्या ताम्हनात ठेवले, वर लाल कापड घातलं. देव टेम्पोत जात नाहीत, घरचं माणूस मांडीवर घेऊन जातं. रिकामा संगमरवरी देव्हारा मात्र आमच्याकडे होता.

मी यादीत लिहिलं: चौदा, देव्हारा, संगमरवरी. आणि देवघराच्या उंबऱ्याशीच थांबले. आम्ही बौद्ध. आमच्या घरी देव्हारा नाही. तिथे चप्पल चालते का, हात लावलेला चालतो का, विचारावं की न विचारावं, मला काहीच कळेना. तेवढ्यात आतून काकांनी कपाट दाखवायला हाक मारली आणि मी गेले. स्थितीचा रकाना कोराच राहिला. नंतर काकांनी न वाचता सही केली. मी बघितलं असणार, असं धरून पप्पांनी देव्हारा चादरीत गुंडाळला.

प्रभादेवीच्या घरात त्याची चादर सोडली, तेव्हा काका लगेच खाली बसले. पुढच्या कोपऱ्याचा नखाएवढा टवका उडालेला होता.

"हे काय मुकादम? हे असं नव्हतं."

"साहेब, आमच्याकडून कुठे आपटला नाही."

"मग काय आपोआप उडाला? हा आता देवाला चालणार नाही. नवा द्यायला लागेल कंपनीला."

"यादी बघू या ना," पप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात पूर्ण खात्री होती.

मी पान उलटलं. चौदावी ओळ कोरी, खाली काकांची सही. फोनमध्ये फोटो नाही. आमच्यातला एक पॅकर माझ्या खांद्यावरून बघत होता. तो पुटपुटला, "ताई, लिहून टाक ना. सही तर झालीय. कोण बघतंय?"

'जुना टवका', एवढे दोन शब्द पुरले असते. पेन हातातच होतं. पप्पांनीही ती कोरी जागा पाहिली. ते खिडकीकडे बघू लागले. ते नाही म्हणाले असते किंवा हो म्हणाले असते, तर मला सोपं गेलं असतं.

"काका," मी म्हटलं, "इथे काहीच लिहिलेलं नाही. मी देव्हारा बघितलाच नव्हता."

"घ्या! मुलगी स्वतःच सांगतेय." काकांनी फोन लावला. स्पीकरवर शेठचा आवाज आला. "मुकादमाला सांगा, तिथून सरळ ऑफिसला ये. ही तिसरी आहे म्हणावं."

पॅकर माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मीच तो देव्हारा आपटला.

पप्पा टवक्यासमोर वाकले, पण हात लावला नाही. काकू ताम्हन मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. पप्पा त्यांना म्हणाले, "वहिनी, पूजेतली कोरी वात असेल ना? जरा तुमच्याच हाताने त्या टवक्यावरून फिरवा."

काकूंनी ताम्हन जपून बाजूला ठेवलं, पिशवीतून वात काढली आणि घासली. कापूस पिवळट, तेलकट निघाला. त्यावर कुंकवाचा लालसर डागही होता.

"आज फुटलेला दगड पांढरा असतो साहेब," पप्पा म्हणाले. "बोटाला पीठ लागतं त्याचं."

"तेल काय, चादरीचंही लागेल."

काका काकूंकडे बघत होते आणि काकू त्या कापसाकडे. रोजची पूजा काकूच करत. काकांनी तो कोपरा कधी नीट पाहिलाही नसेल. ते लबाडी करत होते, असं म्हणूनच मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

काकूंनी कापूस मुठीत घेतला. "सही करून टाका," त्या म्हणाल्या. "देव ताटकळलेत."

काकांनी सामान मिळाल्याची सही केली. ते आत जायला निघाले, तेव्हा माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "काका, शेठना तुम्हीच सांगाल का?"

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, पण फोन केला. "काही नाही हो, जुनं निघालं. तक्रार नाही आपली."

परतताना टेम्पोत मी पप्पांच्या शेजारी बसले होते.

"कोणी अडवलं होतं का तुला तिथे, देव्हाऱ्यापाशी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

त्यांनी यादी मागितली आणि चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं. "लिही. न बघता सोडलं. आणि आत्ताची वेळ घाल, म्हणजे नंतर लिहिलंय हे कळेल."

"पप्पा, शेठ वाचेल. मला परत कामावर पाठवणार नाही."

"वाचू दे."

परळच्या पुलावर टेम्पो धडधडत होता. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.