ॲव्हरेज कोण खातंय?

माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, जगात दोघांवरच विश्वास होता. एक ते स्वतः आणि दुसरी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी. बाकी सगळे संशयित. कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, फाटकापर्यंत जाऊन परत यायचे, पुन्हा ओढायचे. त्यांच्याआधी मी ओढलं तर माझ्याकडेच रोखून बघायचे. दूधवाला त्यांना पाहूनच माप काठोकाठ भरायचा.

पण माणूस शिकवायचा झकास. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक जादा ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. बाबांचा पाय त्याच्याकडे क्वचितच जायचा. "शिकणारा घाबरला तरी चालेल, आपण घाबरलेलं त्याला कळता कामा नये," असं ते मला सांगायचे. लग्नानंतर मी त्यांच्याच हाताखाली गाडी शिकले आणि पुढे बायकांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. त्या कामात माझा जीव होता. स्टिअरिंगला घोरपडीसारखी चिकटलेली बाई एक दिवस गुणगुणत वळण घेते, तेव्हा जे वाटतं ते घरात पोळ्या लाटून कधी वाटलं नाही.

आणि मग गाडीचं ॲव्हरेज पडलं. लिटरला पंधरा देणारी गाडी एकदम अकरावर आली. बाबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

पहिला संशय पेट्रोल पंपावर. बाबा गाडीतून उतरून मशीनच्या आकड्यांपुढे असे उभे राहायचे की पंपावरचा माणूसच घामाघूम. पंप बदलला, फरक नाही. मग चोर. बाबांनी टाकीच्या झाकणावर चिकटपट्टी लावली. रोज सकाळी ती जशीच्या तशी असायची, त्याने तर त्यांचा संशय आणखी बळावला.

"हुशार आहे लेकाचा," ते म्हणाले. "परत तशीच लावून जातो."

शेवटी मीच गाडी मेकॅनिककडे नेली. बाबा सोबत होतेच, मेकॅनिकवर नजर ठेवायला. त्याने एअर फिल्टर काढून झटकला, प्लग तपासले, टायरमधली हवा बघितली. सगळं ठीक. मग सहज पुढच्या चाकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"चाक तापलंय," तो म्हणाला. चाक उतरवून त्याने झिजलेले ब्रेकपॅड आमच्यापुढे धरले. "हे बघा, पार पापड झालाय. ब्रेक जाम नाहीयेत. कुणीतरी पाय ठेवूनच गाडी चालवतंय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"बायकांना फार ब्रेक मारायला लावतेस का गं?"

"नाही बाबा."

"नाही, सहज विचारलं."

बाबांनी आयुष्यात सहज काही विचारलेलं नाही. नवे पॅड बसवले आणि दुसऱ्याच दिवशी मला ऑफिसात फोनपाशी बसवलं. "थोडे दिवस तू इथलं बघ. गाडी मी सांभाळतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणाला, त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे ना. माहीत आहे म्हणून काय झालं? माझं काम माझ्या हातातून काढून घेतलं होतं, तेही चोर ठरवून.

मी गाडीला हातही लावत नव्हते, तरी ॲव्हरेज नऊवर आलं. मला वाटलं, आता तरी माझी सुटका होईल. तर बाबांनी चहा पिता पिता विचारलं, "गाडीची जादा किल्ली कुठे असते गं आपली?"

बस्स. त्याच दुपारी मी स्कूटर काढली आणि गाडीच्या मागे लागले.

गाडी चालवत होती एक शिंपीणबाई, माझीच जुनी विद्यार्थिनी. रस्ता सरळ, मोकळा, आणि गाडीचे मागचे लाल दिवे पेटलेलेच. चढ आला तरी दिवे चालू! मला कोडं उलगडलं. दिवसभर शिलाई मशीन चालवणारी बाई, पाय खाली दाबायची सवयच तिची. मी स्कूटर पुढे घातली आणि गाडी थांबवायला लावली.

"ताई, ब्रेकवरचा पाय काढा आधी!"

"अहो मॅडम, माझा पाय कुठे आहे ब्रेकवर?" ती रडवेली झाली. "गाडी ओढतच नाही म्हणून मी सारखा ॲक्सिलरेटर दाबतेय. शप्पथ." तिने गाडी बंद केली आणि दोन्ही पाय उचलून दाखवले.

मागच्या दुकानाच्या काचेत लाल दिवे अजून दिसत होते. मी वाकून आत बघितलं. शेजारच्या ब्रेकवर बाबांची चप्पल होती.

"बाबा, पाय."

"नुसता ठेवलाय. दाबत नाहीये मी."

"मागचे दिवे लागलेत, बाबा."

त्यांनी खाली बघितलं आणि पाय काढला. काचेतला लाल रंग गेला. पण पाय निघताच त्यांच्या दोन्ही हातांनी डॅशबोर्ड घट्ट धरला. इतक्या दिवसांचं ऐकवायला माझ्या तोंडात भरपूर साठलं होतं. तोंड उघडणार तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "ती समोरची सायकल थांबलीय की येतेय गं?"

समोर सायकल नव्हती. टपरीबाहेर पाण्याचं पिंप ठेवलेलं होतं.

माझा राग कुठल्या कुठे गेला. "कधीपासून, बाबा?"

"धूसर होतं जरासं. जवळचं-लांबचं कळत नाही. म्हणून पाय तिथे असलेला बरा वाटतो." मग शिंपीणबाईंकडे वळून त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं, "तुम्हाला आता मॅडम शिकवतील."

ते चाचपडत मागच्या सीटवर गेले. मी स्कूटर कडेला लावली आणि पुढे त्यांच्या जागेवर बसले. गाडी सुटली. मागून आवाज आला, "पुढे काय आहे?"

"रस्ता मोकळा आहे, बाबा."

"नक्की?"

"नक्की."



"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर असेल."