फोनवर लावलेली मशीन

माझा धाकटा भाऊ पैठणच्या धरणात मासे धरतो, आणि त्याच्या होडीची मशीन रुसली की फोन मला लावतो. तो तिकडं पाण्याच्या मधोमध, मी इथं संभाजीनगरात, मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत, भाजी चिरत. "आक्के, स्लोवर थांबंना गं," म्हणतो. मी म्हणते, फोन मशीनजवळ धर. तोही साधा बटनाचाच लागतो. हातभर काचेचा नवा फोन मशीनचा आवाज गिळतो आणि ह्याची बडबड तेवढी पाठवतो. मी ऐकते आणि सांगते, कोणता स्क्रू, कुठं, किती. वीसेक वर्षं चाललंय हे. तिकडच्या काठाला मात्र भावाचं नाव झालंय, मशीन लावावी तर त्यानंच. लावतो मोठा! ह्याला मशीनचा खोकला आणि म्हशीचा खोकला वेगळा कळत नाय.

लोकांचं मरू द्या. मला एकच पाहिजे होतं. माझ्या बापानं एकदा, कुणासमोर नाय तर निदान माझ्यासमोर म्हणावं, की मशीन माझी पोरगी लावती.

मशीन आबांनी एका सरकारी खात्याच्या लिलावातून आणली होती. जुनी, दोरी ओढून चालू करायची, होडीच्या मागच्या फळीला टांगायची. आईला पाण्याची भीती, भाऊ तेव्हा लई बारका. म्हणून अकराव्या वर्षी मी मागं बसायला लागले, मशीनचा दांडा धरून. आबा पुढं उभे राहून जाळं ओढायचे. त्या वेळी होडी जाळ्याच्या कडेकडेनं मुंगीच्या पावलानं सरकली पाहिजे. जोरात गेली तर जाळं फाटतं. मशीन बंद पडली तर वारं होडीला जाळ्यावर ढकलतं, आणि जाळं पंख्यात अडकतं. सगळा खेळ त्या हळू चालण्यावर, स्लोवर.

आणि तो स्लो आबांना कधी जमला नाय. ते दारात पिंपात पाणी भरून त्यात मशीन बुडवायचे आणि गिअर न टाकताच स्क्रू बसवायचे. पिंपात ती अशी गुणाची चालायची की बघत राहावं. धरणात नेऊन गिअर टाकला की फुस्स! मग आबा स्क्रू अजून आवळायचे आणि शिव्या द्यायचे. आधी मशीनला, मग ती विकणाऱ्याला, मग मला. मी नुसती बसलेली असायचे, तरी मला.

एका सकाळी त्यांचे दोन्ही हात जाळ्यात होते आणि मशीन ठसकायला लागली. पेचकस माझ्या पायाशी होता. मी कारबोरेटरचा बारीक स्क्रू थोडा आत फिरवला, ती जास्तच ठसकली, शिंका दिल्यासारखी. पेट्रोल कमी पडत होतं. बाहेर काढत नेला तर घशात घास अडकल्यासारखी घरघरली, धूर सोडायला लागली. पेट्रोल जास्त झालं. ह्या दोन्हींच्या मधे एक जागा असते, तिथं मशीन शांत, एकसारखी बोलते. ती जागा पिंपात सापडत नाय. मशीन तापलेली पाहिजे, गिअर टाकलेला पाहिजे, पंखा पाणी कापत असला पाहिजे. मग सगळ्यात शेवटी, सापडलेल्या जागेपासून स्क्रू पाव फेरा मोकळा ठेवायचा, म्हणजे वाऱ्यात दम धरते. हे मला कुणी शिकवलं नाय. कान होते, तेवढ्यावर कळलं.

त्या दिवशी अख्खं जाळं ओढून झालं, मशीन एकदाही बंद पडली नाय. माझ्या हातातला पेचकस आबांनी पाहिला होता. घरी येऊन आईला काय म्हणाले? "आज मशीन शहाण्यासारखी चालली." मशीन शहाणी!

तीन वर्षं मी मागं बसले. मग मी न्हाती झाले आणि आबांनी मला होडीतून उतरवलं. बाईमाणूस होडीत असलं की जाळं रिकामं येतं म्हणे. तीन वर्षं भरून येत होतं ते कुणाच्या पायगुणानं, हे नाय विचारलं कुणी. पेचकस भावाकडं गेला. एकोणिसाव्या वर्षी मला ह्या शहरात देऊन टाकली. आता त्याच धरणाचं पाणी आठवड्यातून एकदा माझ्या नळाला येतं, तेही तासभर. हंडे भरताना जीव जळतो, खोटं कशाला बोलू.

ह्या चैत्रात आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. दवाखाना शहरात, म्हणून मुक्काम माझ्याकडं. त्या डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर अजून पडदा तसाच, दर चार तासांनी थेंब, वाकायचं नाय, डोकं धुवायचं नाय. मी सगळं केलं, आणि मनापासून केलं. मनात एक आशाही होती. आबांना दिसत नसलं तरी ऐकू येत होतं, आणि भावाचा फोन आज ना उद्या येणारच होता.

चौथ्या दिवशी दुपारी आला. मी मुद्दाम स्पीकर लावला आणि फोन आबांच्या खाटेवर ठेवला.

"आक्के, जाळ्यावर आलो की बंद पडती."

"तापली का? गिअर टाकलाय?"

"व्हय."

"बारीक स्क्रू आत घे. हळू. अजून. थांब! ठसकली बघ. आता बाहेर काढ. अजून, अजून... बास. आता हात लावू नको."

खोलीभर मशीनचा आवाज भरला, एकसारखा. आबा मान वाकडी करून ऐकत होते. पंचेचाळिशीची बाई मी, पण पोरीसारखी त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसले. म्हटलं, "ऐकलं का आबा? वीस वर्षं मीच लावते ही मशीन. इथून."

आबा म्हणाले, "भाऊ हाय तो तुझा. लांब दिलेली बहीण, तिला बरं वाटावं म्हणून इचारतो. मन राखतो तुझं."

मी फोनवर झुकले. "सांग रं आबांना! कोण लावतं मशीन?"

तिकडं तो हसला. मशीन मागं चांगली चालत होती, मग हसायला काय जातंय. "व्हय आबा," म्हणाला, "आक्काला इचारलं की बरं वाटतंय तिला."

मी फोन कापला. शेवटचा पाव फेरा सांगायचा राहिला होता. राहिला म्हणजे, मी सांगितला नाय. बाहेर वारं सुटलं होतं, माझ्या दोरीवरचे कपडे उडत होते, आणि धरणावर ह्याच्या दुप्पट वारं असतं हे मला ठाऊक होतं. तरी सांगितला नाय. अशी मी त्या दिवशी झाले होते.

दहा मिनिटांत फोन वाजला. मी तांदूळ निवडत बसले. वाजून थांबला, परत वाजला.

"उचल की गं!" आबा खाटेवर ताठ उठून बसले. "वारं सुटलंय. मधीच बंद पडली असंल. होडी दगडावर जाईल, माय, उचल!"

म्हणजे ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं म्हाताऱ्याला.

मी फोन उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "तुम्ही सांगा," म्हटलं. "माझं काय, मन राखायचं असतं."

भाऊ ओरडत होता, आबा, आक्काला द्या, आक्काला द्या. दोरी ओढल्याचा आवाज, मशीन दोनदा गुरगुरून मेल्याचा आवाज. आबा पट्टी बांधलेलं तोंड इकडं तिकडं फिरवत होते, मी कुठं बसलेय ते शोधत. मला वाटलं आता म्हणतील. एवढं एक वाक्य. नाय निघालं ते तोंडातून, फोन तेवढा पुढं केला.

शेवटी तो माझा भाऊ होता, आणि पाण्यावर होता. फोन घेतला. "पाव फेरा मोकळा कर," म्हटलं, "आणि दोरी ओढ."

मशीन लागली. वाऱ्यातही लागून राहिली, मी पुरती दोन मिनिटं ऐकली. आबा उशीला टेकले आणि म्हणाले, "बघ. लावली का नाय पोरानं!"