बबडी पास झाली

माझी धाकटी जाऊ लॉन्ड्रीत इस्त्री करते. दिवसभर उभं राहून लोकांचे शर्ट आणि हॉटेलांच्या चादरी. घरीसुद्धा तिचं सगळं चापूनचोपून. आपलं उणं चारचौघांत दिसू द्यायचं नाही, हा तिचा स्वभाव. तिला कशी नावं ठेवू, मलाही माहेरी तेच शिकवलंय.

तिची बबडी दोन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर वळून बघत नसे. चालली तीही फार उशिरा. सासूबाई म्हणायच्या, "अगं, हिचा बापही असाच मुखदुर्बळ होता. आता जेवताना तरी गप्प बसतो का?" सगळे हसायचे. जाऊ हसायची नाही.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, मुलीची वाढ मागे पडते आहे, वाट बघत बसू नका. लहान मुलांसाठी एक सरकारी केंद्र आहे. तिथल्या बाई घरी येऊन खेळता खेळता बोलायला, हात वापरायला शिकवतात. पण मूल तीन वर्षांचं झालं की ती सोय बंद. मग तीच मदत शाळेकडे मागायची आणि तिथल्या रांगेत उभं राहायचं.

जावेने फोनचा सपाटा लावला. एका हातात इस्त्री, कानाखांद्यात फोन. कधी लागायचा नाही, कधी साहेब रजेवर. मालक म्हणाला, "बाई, शर्ट जाळून दुकान बंद पाडाल माझं." तरी तिने पिच्छा सोडला नाही. बरेच महिने गेले आणि तपासणीची तारीख मिळाली.

आता तपासणी म्हटल्यावर आमच्या घरात काय होणार? सगळे तयारीला लागलो. सासूबाईंनी टाळ्या शिकवल्या. जाऊ रोज संध्याकाळी पोरीला समोर बसवून ठोकळ्यावर ठोकळा ठेवायला शिकवायची. बबडी भिरकावून द्यायची, ही उचलून पुन्हा तिच्या हातात. मी देवापुढे बसून म्हणायचे, लेकराला त्या दिवसापुरती तरी बुद्धी दे.

देवाने ऐकलं. काय सांगू, अगदी ऐकलं.

खोलीत बुटकं टेबल, खाली सतरंजी, भिंतीला टेकवलेला आरसा. तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, बोलायला गोड.

"चमच्याने खाते का?"

"हो, खाते," जाऊ म्हणाली. तिने बबडीचा हात धरला तर खाते, पण ते कुणी सांगितलं नाही.

"हाक मारल्यावर बघते?"

"बघते की! हुशार आहे हो आमची, जरा लाजरी आहे एवढंच," सासूबाईंनी मध्येच तोंड घातलं.

मग बाईंनी ठोकळे मांडले. बबडीने एकावर एक असे चार ठेवले आणि टाळ्या वाजवल्या. परत येताना जावेने माझा हात घट्ट धरला. "ताई, पाहिलंत? एकही पडला नाही!"

दोन आठवड्यांनी केंद्रातून फोन आला. अभिनंदन, मुलगी थोडीशीच मागे आहे, आमच्या सेवेची तिला गरज नाही.

"म्हणजे बाई कधी येणार?" जावेने विचारलं.

"येणार नाहीत. फेरतपासणी सहा महिन्यांनी."

बबडीला तीन पूर्ण व्हायला तेवढेही महिने उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन तिथे गेलो. जाऊ दारातच म्हणाली, "मी खोटं बोलले. तिला काही येत नाही. आम्ही घोकून घेतलं होतं."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अहो, इथे पास व्हायचं नसतं. जे येत नाही तेच सांगायचं असतं."

"मग आत्ता बघा ना. पाया पडते."

बाईंना दया आली. त्यांनी दार लोटलं आणि ठोकळे काढले. बबडीने ते पाहिले, खाली बसली आणि एकावर एक ठेवू लागली.

"नको गं, बबडे," जाऊ म्हणाली. "ठेवू नको. फेक ना, बाळा, फेक."

पोरीने शेवटचा ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. बाईंनी मान खाली घातली. वरच्या साहेबांना विचारते म्हणाल्या. विचारलंही त्यांनी. साहेबांनी नियम सांगितला.

गेल्या महिन्यात बबडीला तीन वर्षं पूर्ण झाली. जावेने शाळेच्या कचेरीत फोन लावला तेव्हा मी तिथेच भाजी निवडत होते. तिने या वेळी काही लपवलं नाही. बोलत नाही, नाव कळत नाही, चमचा धरत नाही, एकेक सांगत गेली. पलीकडच्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, नाव घालून ठेवते, पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी कधी?" तिने विचारलं. पलीकडून फोन ठेवलेला होता.

मग जिन्याकडे तोंड करून तिने बबडीला हाक मारली. पोर पायरीवर बसून चपलेचा पट्टा चाळवत होती, वळली नाही. जाऊ पुन्हा पुन्हा हाक मारत राहिली. मी तिला थांब म्हटलं नाही.