चन्नबसप्पा फिटरचं यंत्राचं काळीज

चन्नबसप्पा लातूरच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. यंत्र बंद पडलं की मालक आधी देवाचं नाव घ्यायचा, मग चन्नबसप्पाचं. त्यामुळं गडी जरा चढूनच बसला होता. आम्ही शेजारी, म्हणून त्याच्या बढाया भिंतीपलीकडून फुकट ऐकायचो.

एके दिवशी त्याची बायको शिवगंगा पाणी भरता भरता आडावरच मटकन खाली बसली. हकिमांनी नाडी पाहिली. "दिल लई थकलंय बाईचं. वजन उचलनं बंद. आराम दिला तर जगतील, न्हाई तर मुश्किल हाय."

चन्नबसप्पा भिंतीला डोकं टेकून रडला. जीव होता त्याचा बायकोवर, खोटं कशाला बोलू? पण घरात तिसरं माणूस नाही, आणि गड्यानं डोईवर घागर घ्यायची म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. तेव्हा हा रडत राहिला आणि ती अर्धी अर्धी घागर आणत राहिली.

अशात दत्तोपंत मास्तरांनी अखबार वाचून दाखवला. रशियात कुणी कुत्र्याच्या काळजाच्या जागी यंत्र बसवलं आणि कुत्रं पाचेक तास जगलं म्हणे.

"पाच तास?" चन्नबसप्पा उसळला. "आपून शिवगंगेला असं बनवू, पन्नास वर्षं बघायचं काम न्हाई!"

महिनाभर ठोकाठोक चालली. दोन पितळी डबे, चामड्याच्या झडपा, सायकलची ट्यूब आणि एक दांडा. त्यात कुंकवाचं पाणी ओतून दांडा हलवला, तर लाल पाणी खरोखर गोल फिरू लागलं. आम्ही टाळ्या पिटल्या. मास्तर घड्याळ काढून बसले. "मिनिटाला सत्तर वेळा, चन्नबसप्पा. आणि थांबायचं नाही."

"थांबतो कशाला? रशियावाल्याला मागं टाकतो!"

पहिला अर्धा तास त्यानं भाषण केलं. दुसऱ्या अर्ध्या तासात भाषण बंद पडलं. दीड तासाला घामानं डबडबला, हात लटलट कापू लागले.

"अगं, पानी दे."

"घागर रिकामी हाय. थांबा, आनते," असं म्हणत शिवगंगा छातीवर हात दाबून उठली.

चन्नबसप्पानं तिच्या छातीवरच्या हाताकडं बघितलं. मग स्वतःच्या हातांकडं बघितलं.

"हे... हे तुझ्या आत रोज चालून ऱ्हायलंय? झोपेत बी?"

"मला काय ठावं? मी कधी बघाया गेले?"

त्यानं दांडा सोडला, तिच्या हातातली घागर हिसकावली आणि भर दुपारी आडाकडं निघाला. मागं अख्खी आळी. आडावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. केवळाबाई म्हणाली, "फिटर, आता लुगडं बी नेसायचं की!"

"नेसतो, मावशी," चन्नबसप्पा म्हणाला. "हात उचलंना झालेत. आधी एवढी घागर डोईवर चढवा."

त्या घागरीवर शिवगंगा पुढं बावीस वर्षं जगली.