तुला हा पेनड्राइव्ह पुरे

"पुस्तक तुला कशाला? तुला हा पेनड्राइव्ह पुरे."

चेन्नईतल्या आमच्या ऑफिसची काचेची मीटिंग रूम. टेबलाभोवती आम्ही पाच जण आणि टीम लीड अमेय सर. कॉम्प्युटर सुरक्षेच्या सर्टिफिकेट परीक्षेला आम्हाला बसायचं होतं. कंपनीने नव्या आवृत्तीची तीन पुस्तकं मागवली होती. तिन्ही पुस्तकं सरांनी तिघा पोरांपुढे सरकवली. सेल्वी या तमिळ मुलीला इंग्रजीत सांगितलं, कोणाबरोबर तरी वाटून घे. माझ्यापुढे पेनड्राइव्ह ठेवला.

त्यात डंप होता. डंप म्हणजे परीक्षेतून चोरून बाहेर आणलेले प्रश्न, उत्तरांसकट. पाठ करायचे, जाऊन टिकल्या मारायच्या, पास व्हायचं. परीक्षा घेणाऱ्यांची त्याला सक्त मनाई आहे. आणि आमचं काम काय, तर दुसऱ्यांच्या कंपन्यांत कोणी चोरी करतंय का ते बघणं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

वर सर हसत मराठीत म्हणाले, "तुम्हा लोकांना न वाचता पुढे जायची सवय असते. वाईट वाटून घेऊ नकोस, प्रॅक्टिकल बोलतोय."

नाशिकचा पोरगा हसला. बाकीचे दोघे तमिळ, त्यांना शब्द कळले नाहीत, पण साहेब हसला म्हणून तेही हसले. सेल्वी तेवढी हसली नाही. "एन्ना सोन्नार, अक्का?" तिने हळूच विचारलं. काय म्हणाले ते. मी म्हटलं, काही नाही. पेनड्राइव्ह उचलून पर्समध्ये टाकला. हात आपोआप पुढे गेला होता, त्याची मला आजही चीड येते.

परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली की जीव थंड होतो म्हणतात. मी इथे आले तेव्हा तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. टीम लीड मराठी आहे, पुण्याचा आहे, हे कळल्यावर मी धाराशिवला आईला फोन करून सांगितलं होतं. आईने गल्लीत सांगितलं. सरांनी टीममधल्या पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं. मग गाव. मग चहाच्या मशीनपाशी, सहज विचारल्यासारखं, "कॉलेजला ॲडमिशन कुठल्या कॅटेगरीतून?" एवढ्या मोठ्या ऑफिसात हा प्रश्न मला एकाही तमिळ माणसाने विचारला नव्हता. त्यांना माझ्या आडनावावरून काही कळत नव्हतं. ते खणून काढणारा एकच माणूस होता आणि तो आपला होता.

या परीक्षेवर माझं सगळं अडलं होतं. पास झाले तर सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या या टीममध्ये कायम. नापास झाले तर परत हेल्पडेस्क. तिथे दिवसभर फोन उचलायचा आणि लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्यायचे. मी तिथूनच वर आले होते. तीन वर्षं लागली होती.

त्या संध्याकाळी मला आजी आठवली. मी तिला पाहिलेलं नाही, पण तिची एक गोष्ट आईने शंभरदा सांगितली आहे. गावात लग्न झालं की उरलेलं अन्न टोपलीत भरून आमच्या वस्तीच्या तोंडाशी आणून ठेवायचे. सगळे घ्यायचे. पिढ्यान्‌पिढ्या घेत आले होते. एका लग्नाला आजीने टोपली उचलली आणि पाटलाच्या दारात नेऊन ठेवली. तेव्हापासून आमच्या घरात कोणाचं उष्टं आलेलं नाही.

सकाळी मी सरांच्या टेबलापाशी गेले. सगळे जागेवर होते.

"सर, हा तुमचा पेनड्राइव्ह. मला नको."

"अगं, सगळेच वापरतात."

"मग सगळ्यांना द्या. मला नको."

"बघ बाई. नंतर रडत येऊ नकोस."

सगळेच वापरत होते हे खरंच होतं. वेलचेरीत सरांच्या फ्लॅटवर दर शनिवारी तिघे पोरगे जमायचे. नवी पुस्तकं होती, पैसे भरून घेतलेले व्हिडिओ होते, आणि तोच डंपही होता. फक्त त्यांच्यात त्याला प्रॅक्टिस सेट म्हणायचे. त्यांनी वाचला तर तयारी, मी वाचला असता तर तुम्हा लोकांची सवय. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

रविवारी सेल्वी आणि मी मैलापूरला गेलो. लुझच्या नाक्याजवळ जुन्या पुस्तकांचा ठेला आहे, तिथे. नवी आवृत्ती आम्हाला त्या महिन्यात परवडणारी नव्हती. ठेल्यावर इंजिनिअरिंगच्या गठ्ठ्याखाली आमचं पुस्तक सापडलं. आधीची आवृत्ती. कोणीतरी पहिल्या तीन धड्यांत पिवळ्या पेनाने रेघा मारलेल्या, पुढची पानं कोरी. सेल्वी म्हणाली, "अक्का, हे जुनं आहे." मी तिथेच उभी राहून मोबाइलवर अभ्यासक्रम उघडला, तो फुकट मिळतो, आणि अनुक्रमणिकेशी ताडून पाहिला. क्लाउडचा सगळा भाग पुस्तकात नव्हता. मी म्हटलं, तेवढं आपण फुकटच्या व्हिडिओंवरून करू. किती सोपं वाटलं होतं बोलताना.

एक व्हिडिओवाला इतकं भरभर बोलायचा की श्वास लागावा. दुसरा चांगला शिकवायचा, पण ऐन गाठीपाशी थांबून सांगायचा, पुढचं पैसे भरून बघा. सराव करायला माझ्या जुन्या लॅपटॉपवर काही चढवलं की तो गोठून बसायचा. ऑफिसचा लॅपटॉप चांगला, पण त्यावर बाहेरचं काही चालू करायला बंदी. मी वाचत गेले. जे पुस्तकात होतं ते नीट समजून घेतलं. कळायला लागलं तेव्हा आनंदही झाला, तो का लपवू.

सेल्वी रोज गुम्मिडिपूंडीहून ट्रेनने यायची. पुस्तक एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. तिचे वडील तिकडच्या कारखान्यात होते. मध्येच त्यांचं काम सुटलं. घरात कमावणारी ती एकटी उरली. एके सकाळी तिने पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि मान खाली घातली.

"अक्का, वेण्डाम. नको हे पुस्तक. मला नापास होणं परवडायचं नाही. मी सरांकडून डंप घेतला."

मी तिला काय बोलणार होते? राग आला, खूप आला. तरी मी तिला चहा पाजला आणि आम्ही दुसरंच काहीतरी बोललो.

परीक्षेच्या केंद्रावर खिसे उलटे करायला लावतात. बाह्या वर, चष्मा काढून दाखवा. मग पडद्यावर पहिल्यांदा प्रश्न येत नाही, शपथ येते. मी फुटलेले प्रश्न वापरलेले नाहीत, मला हे मान्य आहे. बटण दाबलं की पुढे जाता येतं. आमच्या टीममधल्या पाचही जणांनी ते बटण दाबलं. खरं बोलून दाबणारी मी एकटी होते.

नापास झालेलीही मी एकटीच. थोडक्यात गेले. निकालाबरोबर कुठल्या भागात कच्चे आहात तेही छापून देतात. माझ्या कागदावर क्लाउड होतं. जे पुस्तकात नव्हतं ते.

ऑफिसात केक कापला. सरांनी मला पहिला तुकडा दिला आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं." तो तुकडा मी पेपर नॅपकिनमध्ये तसाच ठेवला. पुढच्या सोमवारी मी हेल्पडेस्कला परत गेले. कंपनी दुसऱ्यांदा परीक्षेची फी भरत नाही.

परीक्षा घेणाऱ्यांकडे डंपची तक्रार करता येते, त्यासाठी पत्ता दिलेला असतो. मी सगळं लिहून काढलं. पण तक्रार गेली असती तर सरांच्या नोकरीबरोबर सेल्वीचंही सर्टिफिकेट गेलं असतं. सर गेले तर दुसरी नोकरी धरतील. सेल्वी काय धरेल? मी लिहिलेलं पुसलं. सरांनाही हे ठाऊक आहे. म्हणून ते माझ्याकडे बघून निवांत हसतात.

महिन्याभराने हेल्पडेस्कवर त्यांचा फोन आला. पासवर्ड चुकून खातं बंद झालं होतं. नियम असा की आधी ओळख पटवायची, एम्प्लॉयी नंबर आणि मॅनेजरचं नाव विचारायचं. मी विचारलं.

"अगं, मी अमेय. आवाज ओळखत नाहीस का? मराठीत बोलतोय ना तुझ्याशी."

"आवाजावर ओळख पटत नाही, सर. नंबर सांगा."

"क्लायंट थांबलाय. नाटकं करू नकोस."

"नंबर सांगा."

त्यांनी फोन आपटला. दोन मिनिटांत शेजारच्या टेबलावर फोन वाजला. तिथल्या मुलाने काही न विचारता पासवर्ड बदलून दिला. दुपारी मला मेल आलं. वरिष्ठांशी उद्धटपणे वागल्याची नोंद. त्या मुलाला कोणी काही बोललं नाही.

घरी येऊन आईला फोन केला. नापास झाल्याचं तिला माहीत होतं, बाकीचं नव्हतं. तेही सांगितलं. मग मी तिला पहिल्यांदाच विचारलं, आजीने टोपली परत नेली त्या दिवशी घरात काय शिजलं होतं?

"काही नाही," आई म्हणाली. "उपाशी झोपलो. मी लई रडले होते."

"आणि पुढच्या लग्नाला?"

"टोपली आली की."

"मग?"

"मग काय. परत नेली."

या गोष्टीत आजीचं पुढे भलं झालं असं काही नाही. पाटील बदलला नाही, वस्ती बदलली नाही, तिने मरेपर्यंत दुसऱ्यांच्या रानात खुरपलं. माझंही काही भलं होईल असं दिसत नाही. ती नोंद माझ्या नावावर राहील. दुसऱ्यांदा बसले तर दुसऱ्यांदाही जाऊ शकते.

नवी आवृत्ती मी काल मागवली. माझ्या पगारातून. परीक्षेचा दिवसही घेतला. पास झाले किंवा नापास झाले, ती शपथ पडद्यावर येईल तेव्हा मी बटण खरं बोलूनच दाबणार.