कापसातला क्लोजअप

आमच्या ग्रुपची कॅमेरावाली हसनाबादची. दर वाक्याला "बराबर?" जोडायची. कॉलेजच्या फिल्मसाठी कापूस वेचणाऱ्या हातांचा क्लोजअप हवा होता, आणि त्याच दिवशी. पण आमच्या शेतात कॅमेरा दिसला की माझी आई आन् बाकीच्या बाया पदर सावरून फोटोला उभं राहावं तशा ताठ व्हायच्या. ऊन उतरत चाललं. मंग तिनं कॅमेरा चालू करून स्टँडवर ठेवला, कमरेला कापूस टाकायची ओटी बांधली आणि स्वतःच वेचायला लागली.

आई ओरडली, "अगं पोरी, कापसासंगं पाला वेचून राह्यलीस! अशी धर बोटं." आन् कॅमेऱ्यासमोरच वेचून दाखवायला लागली.

एडिटिंगला मी म्हणालो, "यात तुझे हात येतेत. काप."

"बिलकुल न्हाई. इथं तुझी आई कॅमेरा विसरली, बराबर?"

आमच्या घरातून कॉलेजात पहिला मी गेलो. पडद्यावर पहिली आई गेली, त्या पोरीमुळं.